टेबलाच्या पलीकडची खुर्ची

कोपरखैरणेहून एका वडिलांचं पत्र आलंय. हे भाऊ वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये पोती वाहणारे माथाडी कामगार आहेत, मूळ गाव पाटण तालुक्यात. मुलगा २२ वर्षांचा, बी.कॉम. झालाय, ६१ टक्के. त्याला पीएसआय, म्हणजे पोलीस उपनिरीक्षक, करायचं असं घरात ठरलंय. त्यासाठी पतपेढीतून दीड लाख उचलून पुण्याला क्लासला पाठवायचं आहे. मला विचारलेला प्रश्न एका ओळीचा आहे: कोणता क्लास चांगला?

पत्राची उरलेली दोन पानं मात्र वेगळंच सांगतात. गेल्या पावसाळ्यात पहाटे कामावर जाताना मार्केटच्या गेटजवळ दुचाकीवरच्या दोघांनी भाऊंच्या हातातला फोन ओढून नेला. हप्ते अजून चालू होते. मुलाला घेऊन ते पोलीस ठाण्यात गेले. टेबलावरच्या माणसाने वर न बघताच सांगितलं, "हरवला म्हणून लिहून द्या, दाखला मिळेल." भाऊंनी हरवला नाही, ओढला, असं दोनदा सांगितलं तेव्हा "बसा तिकडे" असं उत्तर आलं. साडेपाच ते साडेनऊ, बाकड्यावर. पत्राच्या शेवटी ते लिहितात, "मॅडम, पोराला त्या खुर्चीत बसलेला बघायचाय. मग बघतो मला बाकड्यावर कोण बसवतंय."

भाऊ, क्लासचं नंतर बोलू. आधी या वाक्याचं बोलू.

तुमचा राग शंभर टक्के खरा आहे. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला चार तास बाकड्यावर बसवून त्याच्याच चोरीला "हरवलं" म्हणायला लावायचं, हे वाचून मलाही संताप आला. पण कर्जाचा बोजा सातबाऱ्यावर चढतो तसा तुम्ही तुमच्या अपमानाचा बोजा पोराच्या नावावर चढवलाय. तो आता तीन-चार वर्षं अभ्यास करणार तो कायद्याचा किंवा लोकांचा विचार करून नाही, त्या सकाळचं उट्टं काढायला. नापास झाला तर त्याला वाटेल बापाचा मान आपल्यामुळे गेला. पास झाला तर त्याहून वाईट. जो मुलगा कोणाला तरी दाखवून द्यायला खाकी घालतो, तो त्या टेबलामागे बसून पुढच्या माणसाशी कसा वागेल? त्या दिवशी तुम्हाला "बसा तिकडे" म्हणणाऱ्याच्या घरीही कदाचित कोणीतरी असंच म्हणालं असेल की घरात एक वर्दी पाहिजे, म्हणजे आपल्याला कोणी विचारणार नाही.

आणि एक गोष्ट तुम्हीच विसरलात. माथाडी कामगाराला मान कोणाच्या वर्दीने मिळवून दिला नाही. अण्णासाहेब पाटलांनी माणसं एकत्र केली, १९६९ चा माथाडी कायदा झाला, मंडळं झाली, म्हणून हक्काची मजुरी आणि भविष्य निर्वाह निधी आला. तुम्ही कायद्याच्या जोरावर उभे राहिलेले लोक आहात. त्या सकाळीही कायदा तुमच्याच बाजूने होता, तो तुम्हाला कोणी सांगितला नाही इतकंच.

म्हणून सांगते. हातातून वस्तू हिसकावून नेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ खालचा दखलपात्र गुन्हा आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर नोंदवावाच लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या ललिता कुमारी खटल्यात स्पष्ट केलंय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणाचीही असो, तक्रार घ्यावी लागते आणि प्रत फुकट द्यावी लागते. ठाण्यात नोंदवून घेत नाहीत, तर तीच हकिकत लेखी करून पोलीस उपायुक्तांना पोस्टाने पाठवता येते. तुमच्या भागाला ते परिमंडळ एकचे, वाशीचे. तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. एवढं करायला घरात पीएसआय असावा लागत नाही. कागद, पेन आणि पोस्टाची पावती पुरते.

आता तुमच्या मनातला एक गैरसमज, कारण दीड लाखाचं गणित त्याच्यावरच उभं आहे. तुम्हाला वाटतंय, पोरगा पीएसआय झाला की कोपरखैरणेत नाहीतर वाशीत बसेल, रात्री घरी जेवायला येईल आणि गल्लीत आपलं वजन वाढेल. भाऊ, असं होत नाही. पीएसआय हे राज्य पातळीवरचं पद आहे. एमपीएससीतून निवड, नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत प्रशिक्षण, आणि मग नेमणूक महाराष्ट्रात कुठेही. गडचिरोलीत होऊ शकते, हिंगोलीत होऊ शकते. एका पोलीस ठाण्यात अधिकारी साधारण दोन वर्षं राहतो आणि हलतो. उलट ज्या शिपाई भरतीला तुम्ही पत्रात "हमालाचा पोरगा हवालदारच होणार का" म्हणून झिडकारलंत, ती घटकानुसार, म्हणजे जिल्हा किंवा आयुक्तालयानुसार, होते. नवी मुंबई आयुक्तालयात भरती झालेला शिपाई सहसा त्याच आयुक्तालयात नोकरी करतो, ऐरोलीपासून उरणपर्यंत. ज्या खुर्चीचं स्वप्न तुम्ही बघताय तीही पीएसआयची नाहीच. तुम्हाला ज्याने बसवून ठेवलं तो बहुतेक ठाणे अंमलदार होता, म्हणजे हवालदार किंवा सहायक फौजदार. पोलीस खात्याचा पहिला चेहरा तोच. नव्वद टक्के लोकांचं पोलिसांशी जे काही नातं जमतं किंवा बिघडतं, ते त्याच टेबलावर, असं माझं इतक्या वर्षांचं निरीक्षण आहे.

हे टेबल कुठे बसतं, तेही सांगते. ठाणे आयुक्तालय १९८१ चं. त्यातून वेगळं होऊन १९९४ मध्ये नवी मुंबई आयुक्तालय झालं. महसुलाच्या हिशेबात ते दोन जिल्ह्यांत पसरलंय, इकडचं शहर ठाण्यात आणि पनवेल-उरण रायगडात. वर पोलीस आयुक्त बेलापूरला. त्यांच्या खाली सहआयुक्त, अपर आयुक्त, परिमंडळांचे उपायुक्त, विभागांचे सहायक आयुक्त, आणि मग पोलीस ठाणं. गुन्हे शाखा, वाहतूक, विशेष शाखा, आर्थिक गुन्हे शाखा या बाजूच्या फांद्या. जिल्ह्यात एसपी, म्हणजे पोलीस अधीक्षक, असतात तिथे जमावबंदीसारखे दंडाधिकारी अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात, आयुक्तालयात ते बरेचसे आयुक्तांकडेच. वाशी स्टेशनच्या फलाटावर पाकीट मारलं गेलं तर ते पुन्हा वेगळं, लोहमार्ग पोलिसांचं. आणि ११२ लावलात तर फोन आधी नवी मुंबईतल्या नाहीतर नागपूरच्या संपर्क केंद्रात जातो, तिथून आपल्या नियंत्रण कक्षाला, तिथून जवळच्या गाडीला.

ठाण्याच्या आत वरिष्ठ पोलीस निरीक्षक प्रमुख. त्यांच्याबरोबर गुन्ह्यांचे आणि प्रशासनाचे निरीक्षक, मग एपीआय म्हणजे सहायक निरीक्षक, पीएसआय. आणि त्यांच्या मागे ज्यांची नावं कोणाला माहीत नसतात अशी माणसं. जप्त केलेली प्रत्येक वस्तू चिठ्ठी लावून वर्षानुवर्षं सांभाळणारा मुद्देमाल कारकून. कोणाची ड्युटी कुठे हे रोज सकाळी जुळवणारा हजेरी मास्तर. कोर्टात कागद वेळेवर पोचवणारा कोर्ट कारकून. रात्री दोन वाजता भांडण सोडवायला जाणारा बीट मार्शल. गोपनीयवाला, ज्याला पुढच्या आठवड्यात कोणत्या नाक्यावर काय पेटणार याचा आधी वास लागतो. चोर पकडणारं प्रकटीकरण पथक या सगळ्यात पाच-सहा जणांचं असतं. बाकी खातं लिहितं, ऐकतं, उभं राहतं आणि वाट बघतं. दहीहंडी, गणपती, निवडणूक, मोर्चा: बंदोबस्तात बारा-बारा तास उभं राहणं हे या नोकरीचं खरं शारीरिक काम आहे. तुमच्या मुलाला हे कोणी सांगितलंय का?

त्याला माहीत आहे असं दिसतंय. तुमच्या सहीखाली वेगळ्या अक्षरात त्याने दोन ओळी लिहिल्यात. बहुधा तुम्ही पाकीट बंद करायला दिलंत तेव्हा. "मॅडम, मला साहेब व्हायचं वेड नाही. पण त्या दिवशी साडेनऊला ज्या ताई आल्या, त्यांनी बाबांना विचारलं की फोन हातातून ओढला की खिशातून गेला, आणि मग सगळं बदललं, ते माझ्या डोक्यातून जात नाही."

भाऊ, हा प्रश्न तुमच्या पत्रात कुठेच नाही. चार तासांचा हिशेब आहे, बाकडं आहे, त्या माणसाचा आवाज आहे. ताईंची पाळी सुरू झाली, त्यांनी पाणी दिलं, तो एक प्रश्न विचारला, आत अधिकाऱ्यांकडे जाऊन आल्या आणि एफआयआर झाला, हे तुम्ही अर्ध्या ओळीत उरकलंत. मुलाने मात्र तेवढंच उचललं.

आता मी त्याच्याशी बोलते.

बाळा, तू जे पाहिलंस ते पोलीस कामाचं मूळ आहे. "ओढला" आणि "गेला" या दोन शब्दांत गुन्ह्याचं कलम बदलतं. "हरवला" लिहिलं तर तो नुसता गहाळ दाखला, तपास कोणीच करत नाही. घाबरलेला, चिडलेला, धड मराठी न येणारा माणूस समोर असतो. तो उलटसुलट सांगतो. त्यातून काय घडलं, कधी घडलं, कोणी पाहिलं हे काढून त्याच्याच शब्दांत लिहायचं. मी स्वतः एकदा एका ओळखीच्या बाईंबरोबर रात्री अकराला ठाण्यात बसले होते. त्यांची म्हातारी सासू संध्याकाळपासून सापडत नव्हती. टेबलावरच्या हवालदारांनी वय, उंची, साडीचा रंग लिहून घेतला आणि मग विचारलं, "आजींचं माहेर कुठलं?" आम्हाला कळेना हा काय प्रश्न. ते म्हणाले, "अशा वेळी म्हातारी माणसं माहेरची वाट धरतात." माहेर अलिबागकडचं होतं. आजी पनवेल एसटी स्टँडवर सापडल्या. हे ज्ञान त्यांना टेबलावर बसून मिळालं होतं.

तुला हे काम करायचं असेल तर शिपाई भरती ही खालची पायरी समजू नकोस, तोच सरळ दरवाजा आहे. बारावी पुरते, तू पदवीधर आहेस. उंची १६५ सेंटिमीटर हवी. मैदानी ५० गुणांची, म्हणजे १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. लेखी १०० गुणांची, गणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान, मराठी व्याकरण. याला पुण्याचा क्लास लागत नाही. घणसोलीत नाहीतर नेरुळला पहाटे पळणारी मुलं रोज दिसतील, त्यांच्यात जा. गुडघे सांभाळ, डांबरी रस्त्यावर रोज पळू नकोस, माती शोध. वर जायचा रस्ताही बंद नाही: पीएसआयच्या बऱ्याच जागा खात्यातल्याच माणसांतून भरतात. बरीच वर्षं टेबलावर काढून पीएसआय झालेला माणूस थेट आलेल्यापेक्षा पुष्कळदा चांगला तपास करतो, हे मी अधिकाऱ्यांच्याच तोंडून ऐकलंय.

थेट एमपीएससी द्यायचीच असेल तर दे, पण दोन प्रयत्न, घरी राहून, आणि शिपाई भरतीचा फॉर्म भरत भरत. वर्दी नको वाटली तर आयुक्तालयात लिपिकाची नागरी पदंही असतात.

त्याआधी एक काम कर. ज्या ठाण्यात त्या ताई आहेत तिथे एखाद्या दुपारी गर्दी नसताना जा. वडिलांच्या फोनचं काय झालं ते विचार, तो तुमचा हक्कच आहे: तपासाची प्रगती ९० दिवसांत कळवायला हवी असं नवा कायदा सांगतो. मग त्यांना वेळ असेल तर विचार, रात्रपाळीनंतर घरी जाऊन झोप लागते का, लेकरं कोण सांभाळतं, सणाला शेवटचं घरी कधी होतात. त्या काय सांगतात ते घरी येऊन वहीत लिहून काढ. त्यानंतरही टेबलावर बसावंसं वाटलं तर मला फोन कर, मी तुला वेळापत्रक आखून देईन.

आणि भाऊ, तुम्हीही त्याच्याबरोबर जा. बाकड्यावर बसू नका, टेबलासमोरच्या खुर्चीत बसा. ती तक्रारदारासाठीच ठेवलेली असते. पतपेढीतला अर्ज अजून मंजूर झाला नसेल तर सोमवारीच मागे घ्या.