लेकीला सोरॉरिटीत जाऊ द्यावं का?

प्रश्न : माझी मुलगी टोरांटो विद्यापीठात पहिल्या वर्षाला आहे. तिथं मुलींचा एक संघ आहे, ‘सोरॉरिटी’ म्हणतात. मूळ अमेरिकेचा, नाव ग्रीक अक्षरांचं. ती त्यात जायचं म्हणते. फी आहे, शपथही घ्यावी लागते. तिचे वडील म्हणतात, हा कसला पंथ? मला तर झोप लागेना झालीय.
– एक आई, उदगीर

उत्तर : ताई, पंथ नाही हो तो. लातुरात मुलींच्या वसतिगृहावर मी सव्वीस वर्षं रेक्टर होते, त्यामुळं तुमची झोप का उडाली ते मला कळतं.

अमेरिकेत इंडियाना राज्यात ग्रीनकॅसल गावचं एक कॉलेज तीस वर्षं फक्त मुलांचं होतं. 1867 मध्ये तिथं मुली आल्या. मुलांचे ग्रीक अक्षरांचे संघ होते, पण मुलींना त्यांत बरोबरीची जागा नव्हती. मग बेटी लॉक आणि तिच्या तीन मैत्रिणींनी 1870 मध्ये आपलाच संघ काढला, कॅपा अल्फा थीटा. टोरांटोत मुलींना प्रवेश मिळाला 1884 मध्ये, आणि तीनच वर्षांत, 1887 मध्ये, थीटाची शाखा सीमेपलीकडं तिथं पोचली. तिथंही मुली नव्या आणि मूठभर, पाठीशी कुणी तरी हवंच होतं. ‘सोरॉरिटी’ हा शब्द तर नंतरचा. लॅटिनमध्ये ‘सोरोर’ म्हणजे बहीण.

ही गरज मी डोळ्यांनी पाहिलीय. वेळ अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी निलंग्याच्या एसटीनं एका मुलीचा भज्जीचा डबा यायचा, वर फडक्यात बाजरीचे उंडे. कंडक्टरकडून तो घ्यायला चार-पाच जणी स्टँडवर जायच्या. खोलीत वर्तमानपत्र पसरून सगळ्या एकाच पातेल्यात हात घालायच्या. त्या वर्षी नुकतीच आलेली, कुणाशी न बोलणारी एक पोर त्या पातेल्याशी पहिल्यांदा हसली.

पण आमच्याकडं कुणी कुणाला निवडत नव्हतं. सोरॉरिटीत निवडतात, आणि ती गोष्ट मला पटत नाही. गोऱ्या मुलींच्या संघांची दारं काळ्या मुलींना कितीतरी वर्षं बंद होती. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात काळ्या मुलींनी 1908 मध्ये अल्फा कॅपा अल्फा हा स्वतःचा संघ काढला. कमला हॅरिस त्याच संघाच्या. भारतीय वंशाच्या मुलींचे संघही अमेरिकेत आहेत. ह्यूस्टनमध्ये 1998 ला निघालेला डेल्टा फाय ओमेगा त्यातलाच. तेव्हा निवड झाली नाही तर लेकीनं स्वतःला कमी समजू नये, हे तिला आधीच सांगून ठेवा.

आता व्यवहाराचं. टोरांटो विद्यापीठ या संघांना अधिकृत मान्यता देत नाही. संघात काही बिनसलं, तर विद्यापीठ मधे पडेल या भरवशावर राहू नका. वर्षाची सगळी फी, दंड, कपडे-कार्यक्रमांचा खर्च लेखी मागायला सांगा. मधेच सोडलं तर पैसे परत मिळतात का, तेही विचारायला लावा. नव्या मुलींना त्रास देण्याचे, दारू पाजण्याचे प्रकार काही ठिकाणी झालेत, जीवही गेलेत. रात्री एकटीला कुठं बोलावलं, फोन काढून घेतला, गुपित ठेव म्हणाले, की तिनं तिथून उठून निघून यायचं. त्यासाठी घरून परवानगीची वाट बघायची नाही, हे तिच्या वडिलांच्या तोंडून तिला ऐकू द्या.

माझं मत, जाऊ द्या. मात्र फीचा कागद हातात पडल्यावर रविवारी व्हिडिओ कॉलवर तिघांनी बसून तो ओळ न् ओळ वाचा. तोवर सही नको.