ट्रक भाड्याने घेताय? मग नदीकाठचा रस्ता सोडा

प्रश्न : माझी मुलगी बॉस्टनला शिकते. १ सप्टेंबरला ती ऑल्स्टनमधून फेनवेला राहायला जाणार आहे. मैत्रिणी मिळून ट्रक भाड्याने घेणार आणि चालवणार ही! ‘स्टोरो ड्राइव्हने जाऊ नकोस, ट्रकचं छप्पर उडेल’ असं तिला कुणीतरी सांगितलंय. ही थट्टा आहे का? आणि एवढ्या श्रीमंत देशात पूल उंच करायला काय होतं?
— एक आई, कोथरूड

उत्तर : ताई, थट्टा अजिबात नाही. बॉस्टनमधली बहुतेक भाड्याची घरं १ सप्टेंबरलाच बदलतात. निम्मं गाव गाद्या-कपाटं घेऊन रस्त्यावर असतं, आणि त्यातला एखादा ट्रक हमखास स्टोरो ड्राइव्हच्या पुलाखाली अडकतो. इथल्या लोकांनी त्याचं क्रियापदच करून टाकलंय : ट्रक ‘स्टोरो’ झाला.

माझाही होता होता राहिला. २००३ साल, भाड्याचा ट्रक, मागे आमचा संसार, मांडीवर कुकर घेऊन बसलेली बायको. नदीकाठच्या रस्त्याला वळलो आणि डोक्यावर फाडकन काहीतरी आपटलं. ती साखळ्यांना टांगलेली पिवळी पाटी होती : फक्त मोटारी, उंची १० फूट. ही पाटी टपाला लागली तर पुढचा पूलही लागणार, म्हणून मुद्दामच तशी लोंबती ठेवलेली. मी तिथेच थांबलो. मागच्यांनी भोंग्यांनी माझा उद्धार केला. पोलिसाने येऊन वाहतूक अडवली आणि मला उलटा बाहेर काढला. ओरडला नाही, त्याचा त्या दिवशीचा मी पहिला नसणार. दोन वर्षांनी एक मित्र मात्र थांबला नाही. त्याच्या ट्रकचं छत सुरळीच्या वडीसारखं मागे गुंडाळलं गेलं होतं, आणि आत उभा केलेला सोफा सगळ्या गावाला दिसत होता.

आता पुलांचं. हा रस्ता मुळात बागेतला. जेम्स स्टोरो या बँकरने चार्ल्स नदीचा काठ सुधारण्यासाठी खटपट केली. त्याच्या पश्चात पत्नी हेलनने त्या बागेसाठी १० लाख डॉलर दिले आणि तिथून मोठा रस्ता न्यायला कडाडून विरोध केला. १९४४ साली ती वारली, १९५१ साली रस्ता खुला झाला आणि त्याला नाव दिलं स्टोरोचंच! (बाईंना काय वाटलं असतं, ते मी लिहीत नाही.) मोटारींपुरता म्हणून बांधलेला, एका अंगाला नदी, खाली खणायला जागा नाही आणि वरचे पूल उचलायचे तर एकामागून एक सगळेच. शिवाय उंच करून भागतंच असंही नाही. नॉर्थ कॅरोलिनात डरहॅमचा रेल्वेपूल ११ फूट ८ इंच होता. खालून मोठी सांडपाण्याची वाहिनी जात असल्याने रस्ता खोल करता येईना. शेवटी २०१९ साली पूलच ८ इंच वर उचलला. ट्रक तरीही आपटतात!

कारण चालवणारा रोजचा मोटारवाला असतो. डोक्यावर आणखी पाच-सहा फूट आपलेच आहेत, हे त्याच्या लक्षातच येत नाही. त्यात मोबाइलवरचा नकाशा तुम्हाला मोटारीत बसलेलं धरूनच रस्ता दाखवतो. तुमच्या लेकीला एवढंच सांगा : ट्रकची उंची आत चिकटवलेली असते, ती वाचून मोठ्या अक्षरांत डॅशबोर्डवर चिकटव. शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीकडे दुसरं काम नको, फक्त पाट्या वाचायच्या. ऑल्स्टनहून कॉमनवेल्थ अ‍ॅव्हेन्यूने केनमोर स्क्वेअर आणि तिथून ब्रुकलाइन अ‍ॅव्हेन्यू. गर्दी असेल, सिग्नल लागतील, लागू देत. नदी दिसायला लागली की समजायचं, चुकलो.

चुकून शिरलीच, तर जागच्या जागी थांबून चारी दिवे लुकलुकते ठेवायचे आणि ९११ला फोन करायचा. स्वतःच्या हिमतीवर रिव्हर्स घेऊ नये.

आणि ट्रक घेताना विम्याचा कागद नीट वाचायला सांगा. ‘सगळं कव्हर आहे’ असं काउंटरवरचा पोरगा म्हणतो, पण वरून आपटून झालेलं नुकसान त्यातून बहुधा वगळलेलं असतं. माझ्या मित्राला ते सोफा उतरवून झाल्यावर कळलं.