सतरा इंची चाकं आणि पाठीचे हाल

पावसाळा संपला की अलॉय व्हीलवाल्यांचे प्रश्न वाढतात. खड्ड्यांनी चार महिने काय केलं, ते तोवर कळलेलं असतं. त्यातले काही निवडक.

प्रश्न : माझी बलेनो आहे. कंपनीची 15 इंची चाकं काढून 17 इंची अलॉय टाकली, टायर 205/45. गाडी दिसते झकास, पण खड्डा तर सोडाच, पुलावरचा सांधासुद्धा पाठीत बसतो. टायरचं माप बदलून आराम मिळेल का? (पुणे)

थोडा मिळेल. किती, ते आधी कागदावर मोजा. टायरवरचा पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा त्या रुंदीच्या किती टक्के उंचीचं रबर रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंत आहे, ते सांगतो. ‘आर’ नंतरचा आकडा रिमच्या इंचांचा. तुमच्या जुन्या 185/65 आर 15 मध्ये 185 चे 65 टक्के, म्हणजे 120 मिमी रबर होतं. 205/45 मध्ये ते 92 उरलं. चांगली दीड बोट उशी काढून तिथे तुम्ही धातू बसवलात. खड्ड्याचा पहिला मार शॉकअप नाही, ही उशी खाते. त्यात मोठं अलॉय बऱ्याचदा जडही असतं. जड चाक एकदा उसळलं की स्प्रिंगला ते आवरत नाही, आणि उरलेला हिसका बॉडीत येतो.

दुकानदाराने माप मात्र चुकीचं दिलेलं नाही. चाकाची पूर्ण उंची काढायची तर रबर दोनदा घ्या आणि त्यात रिमचे इंच गुणिले 25.4 मिळवा. जुनं चाक 621 मिमी, नवं 616. जवळपास तेवढंच. आता 205/50 आर 17 घातलात तर रबर 102 होईल, म्हणजे दहा मिलिमीटर परत मिळतील. पण चाक 637 चं होईल, मूळ मापाहून अडीच टक्के मोठं. तीन टक्क्यांच्या आत राहावं असा आमच्या धंद्यातला रिवाज आहे, त्यात हे बसतं. गाडीत बसेलच असं नाही. एक चाक लावून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवा, मग मागे तीन माणसं आणि डिकीत सामान भरून स्पीडब्रेकरवरून जा. आतल्या प्लास्टिकवर काळी चकचकीत पट्टी उमटली, तर टायर घासतोय. शिवाय काटा पूर्वीइतकाच आकडा दाखवत असताना गाडी थोडी जास्त वेगाने पळत असेल, हे लक्षात असू द्या.

माझं ऐकाल तर 17 विका आणि 16 वर या. याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी 195/55 आर 16 देते. रबर 107 मिमी, पूर्ण उंची 621. दिसायलाही वाईट नाही.

17 ठेवणारच असाल, तर बाजूवर छापलेला लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा क्रमांक, बघा. 205/45 आर 17 साध्या टायरवर 84 असतो, म्हणजे एका टायरला 500 किलो. जुन्या टायरवर 88 असेल, तर तो 560 किलोचा होता. तेव्हा एक्सएल (एक्स्ट्रा लोड, म्हणजे जास्त वजन पेलणारा) लिहिलेला 88 चाच घ्या. गंमत अशी की एक्सएलची भिंत जास्त ताठ असते आणि पुरतं वजन पेलायला त्याला हवाही जास्त लागते. आराम शोधायला निघालात आणि पुन्हा कडकपणाच पदरी आला!

प्रश्न : क्रेटाला 215/60 आर 17 आहेत. आई-वडिलांना कंबरदुखी आहे म्हणून खालच्या मॉडेलची 205/65 आर 16 चाकं घ्यायचा विचार आहे. फरक पडेल? (कोल्हापूर)

फारसा नाही. इंच कमी झाला म्हणून फसू नका, मिलिमीटर मोजा. सध्या 129 मिमी रबर आहे, नव्या मापात 133 होईल. चार मिलिमीटरसाठी एवढा खर्च! वर चाकाची उंची 17 मिमी घटेल, म्हणजे गाडी 8 मिमी खाली येईल.

16 इंची रिमच घ्यायची, तर त्यावर 215/65 घाला. रबर 140 मिमी आणि पूर्ण उंची 686, तुमच्या आताच्या 690 च्या अगदी जवळ. हा बदल मागच्या सीटवर जाणवतो. पैसे देण्याआधी एक रिम पुढच्या चाकाच्या जागी लावून हाताने फिरवून बघा, ब्रेकच्या कॅलिपरला आतून लागता कामा नये.

प्रश्न : दाराजवळच्या स्टिकरवर टायरच्या हवेचा दाब 33 पीएसआय लिहिलाय. मोठ्या अलॉयवर 26 ठेवली तर गाडी मऊ चालते. चालेल? (नाशिक)

नाही. कमी हवेचा बुटका टायर एक्सप्रेसवेवर तापतो, आणि खड्ड्यात रिम थेट दगडावर बसते. टायर थंड असताना स्टिकरप्रमाणे हवा भरा.

प्रश्न : नव्या टायरला बाजूने लिंबाएवढा फुगा आलाय. पंक्चरवाला म्हणतो, आतून पॅच लावून देतो. (सातारा)

असा टायर मी कापून पाहिलाय. वरचं रबर धड होतं, आतले धागे मात्र कात्रीने कापल्यासारखे एका रेषेत तुटलेले. खड्ड्याची कड आणि रिमची कड यांच्यात भिंत चिमटली की असं होतं, आणि भिंत जितकी बुटकी तितकं लवकर. हवा आता केवळ रबराने धरून ठेवली आहे. पॅचने धागे जुळत नाहीत. टायर आजच बदला, आणि रिम वाकली नाही ना, ते बॅलन्सिंगच्या मशीनवर बघून घ्या.

प्रश्न : जुनी गाडी घेतली, आधीच्या मालकाने 16 इंची अलॉय टाकलेत. 80 च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. दोनदा बॅलन्सिंग, एकदा अलाइनमेंट झालं. आता दुकानदार जास्त उंचीचे टायर घ्या म्हणतो. (ठाणे)

तूर्त घेऊ नका. बाजारातली अलॉय अनेक गाड्यांना बसावीत म्हणून त्यांचं मधलं भोक मुद्दाम मोठं ठेवतात. गाडीचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला गोल भाग, त्यात सैल बसतो; मधली फट भरायला प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची कडी लागते. पंक्चर काढताना ती हरवते, आणि मग चाक नटांच्या भरवशावर किंचित एका बाजूला बसतं. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक भोकात घातलेल्या वेगळ्या शंकूने मध्यात धरलेलं असतं, म्हणून तिथे सगळं ठीक दिसतं. चारही चाकं काढून कडी आहे का ते बघा. नसेल तर हबचं आणि भोकाचं माप घेऊन नेमकी त्या मापाची आणा. चाक उचललेलं असतानाच नट समोरासमोरचे आलटूनपालटून आवळा, जॅक उतरवल्यावर शेवटचा आवळ द्या.