नेहमीचे छर्रे बंद झाले तर

अरे, कंपनीनं तुझे छर्रे बनवणं थांबवलं म्हणून एअर रायफल बदलायची नसते. दोन-तीन प्रकारांचा एकेकच डबा आण, छर्ऱ्याच्या डोक्याचा व्यास ४.४९ किंवा ४.५० मिमी, वजन ०.५३ ग्रॅमच्या आसपास. रायफल टेकवून १० मीटरवरून प्रत्येकाचे पाच-पाच बार काढ. ज्याची भोकं एकमेकांना चिकटून पडतील, तो आपला. भोकांचा पुंजका निशाणाच्या मध्यापासून सरकला असेल तर साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, फिरव.

नवशिके हमखास चुकतात ते इथे: स्वस्त मिळाले म्हणून न तपासताच साठा करतात.

आणि आपल्या रत्नागिरीच्या पावसाळ्यात डबा घट्ट लाव. दमट खाऱ्या हवेत शिशावर पांढरी भुकटी धरते, असे छर्रे नळीत घालू नकोस. सराव संपला की हात साबणानं धू, मगच डब्याला हात लाव, म्हणजे जेवणाच्या. छर्रे तोलून निवडणं वगैरे पुढच्या वर्षी बघू.