इंटरनेट कंपनी बदलली आणि ऑफिसचा संगणक घरून उघडेना

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये माझे करसल्ल्याचे छोटे ऑफिस आहे. घोडबंदर रोडवरील घरातून मी रिमोट डेस्कटॉपद्वारे तेथील संगणक वापरत असे. ऑफिसची इंटरनेट कंपनी बदलून नवा राउटर बसवल्यापासून घरून जोडणी होत नाही. नव्या राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली विनंती ठरावीक संगणकाकडे वळवण्याची सोय) केले आहे, तसेच ऑफिसात बसून लॅपटॉपवरून तोच संगणक व्यवस्थित उघडतो. काय करावे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ऑफिसच्या आतून जोडणी होते, त्या अर्थी दोष संगणकात नसून बाहेरून तिथवर येणाऱ्या वाटेत असावा. नव्या राउटरने संगणकाला वेगळा अंतर्गत पत्ता दिला असल्यास फॉरवर्डिंगमध्ये तो बदलून घ्या. तरीही अडचण राहिली, तर राउटरच्या सेटिंगच्या पानावरील ‘वॅन’ (बाहेरच्या इंटरनेटची बाजू) या नोंदीतला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरील ओळखक्रमांक, आणि त्याच जोडणीवरून ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या संकेतस्थळावरचा आयपीव्ही४ (चार आकड्यांच्या जुन्या पद्धतीचा) पत्ता शेजारी शेजारी लिहून पाहा. दोन्ही वेगळे असतील आणि राउटरमधला पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी एखाद्या जोडीने सुरू होत असेल, तर कंपनीने तुम्हाला स्वतंत्र सार्वजनिक (बाहेरून थेट गाठता येणारा) पत्ता दिलेलाच नाही.

आयपीव्ही४ पद्धतीत एकूण सुमारे ४२९ कोटीच पत्ते आहेत आणि आशियाच्या वाट्याचा मुक्त साठा एप्रिल २०११मध्येच संपत आला. म्हणून अनेक कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांमध्ये वाटतात, १००.६४पासूनचा पट्टा २०१२मध्ये याच कामासाठी राखून ठेवण्यात आला. फ्लॅट नंबर नसलेले पाकीट सोसायटीच्या गेटवरच अडकावे, तशी तुमची घरून आलेली विनंती कंपनीच्या यंत्रणेतच थांबते. ती तुमच्या राउटरपर्यंत पोहोचतच नसल्याने तिथले पोर्ट फॉरवर्डिंग कितीही अचूक असले तरी निरुपयोगी ठरते.

कंपनीकडून जादा शुल्क भरून स्टॅटिक आयपी (न बदलणारा सार्वजनिक पत्ता) घेता येतो, परंतु त्यावर रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ हे पोर्ट (प्रवेशद्वार) पुन्हा सताड उघडे ठेवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. मे २०१९मध्ये रिमोट डेस्कटॉपमध्ये इतकी गंभीर त्रुटी आढळली, की मायक्रोसॉफ्टने अपडेट देणे केव्हाच थांबवलेल्या विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती दिली. तुमच्या संगणकावर तर अशिलांचे पॅन आणि बँक स्टेटमेंट आहेत.

त्यापेक्षा टेलस्केलसारखी व्हीपीएन (इंटरनेटवरून सुरक्षित खासगी जोडणी देणारी) सेवा दोन्ही संगणकांवर बसवावी. दोन्हीकडून जोडणी आतून बाहेर जात असल्याने सार्वजनिक पत्त्याची गरज उरत नाही. तिने दिलेला पत्ता रिमोट डेस्कटॉपमध्ये घालावा (तोही १००नेच सुरू होतो, गोंधळू नये), खात्याला दुहेरी पडताळणी लावावी, जुने फॉरवर्डिंग काढून टाकावे आणि ऑफिसच्या संगणकाचा स्लीप मोड बंद करावा. ऑफिसातून निघण्यापूर्वी लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडून चाचणी घ्या, म्हणजे काही राहिले असल्यास तिथल्या तिथे दुरुस्त करता येईल.