भाषा ओसरू लागल्यावर एमआरआय कसा पाहावा
खानदेशात न्यूरॉलॉजीची ओपीडी नव्याने सुरू करत आहात, म्हणून मनापासून सांगतो: भाषा हळूहळू हरवत जाणाऱ्या आजारात (प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेजिया) एमआरआयच्या चिठ्ठीवर नुसते ‘विस्मरण’ लिहू नका. भरताचे वांगे हातात घेऊनही जो शेतकरी ‘हे काय असते?’ असे विचारतो, त्याच्या डाव्या टेम्पोरल लोबचे (मेंदूच्या कानाजवळच्या भागाचे) पुढचे टोक आक्रसले आहे का, हे कोरोनल (समोरून पाहिल्यासारख्या उभ्या कापांच्या) प्रतिमांत उजव्या बाजूशी ताडून स्वतः पाहा. ‘वयोमानानुसार झीज’ या शेऱ्याखाली हा फरक सहज दडतो. बोलणे अडखळत, व्याकरण मोडत असेल तर डावा फ्रंटल लोब (मेंदूचा कपाळामागचा भाग) आणि इन्सुला (त्याच्या आत दडलेला भाग) पाहावा. शब्द सापडेना, लांब वाक्य पुन्हा म्हणता येईना, तर डावा टेम्पोरो-परायटल (कानाच्या वरचा-मागचा) भाग. या आजाराच्या 2011 च्या निकषांतील या लोगोपेनिक (शब्द न सापडणाऱ्या) प्रकाराच्या मुळाशी बहुधा अल्झायमरच असतो, त्यामुळे पाठीतल्या पाण्यातील (मणक्यातून काढलेल्या द्रवातील) अमायलॉइड आणि टाऊ ही प्रथिने तपासण्याचा खरा उपयोग तिथे होतो. मात्र उतारवयात अमायलॉइड निरोगी माणसांतही आढळते. निव्वळ त्यावर निदान ठरवू नये. एमआरआय स्वच्छ आला तर एफडीजी-पेट (मेंदूचा कोणता भाग साखर कमी वापरतो ते दाखवणारा स्कॅन) मदतीला येतो, पण तो खर्च कुटुंबावर टाकण्यापूर्वी रुग्णाची चाचणी अहिराणीतून घ्या, कारण आयुष्यभर अहिराणी बोललेल्या आजी प्रमाण मराठीतल्या चाचणीत आहेत त्याहून अधिक आजारी ठरतात.