तरुण जादूगाराची कादंबरी : मुलांना द्यावी का?

प्रश्न : अर्सुला ले ग्विन यांची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ ही कादंबरी आमच्या वाचनगटात काहींना फार आवडली, तर काहींना ती संथ आणि कोरडी वाटली. जादूच्या शाळेत मुलींना प्रवेश नाही, हे माझ्या मुलीला खटकले. बारा वर्षांच्या मुलांना ती द्यावी का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अवश्य द्यावी. संथपणाची तक्रार मला समजते, कारण या कादंबरीत संवाद थोडे आहेत आणि निवेदन जुन्या आख्यानासारखे दुरून चालते. मात्र त्याच संयमामुळे गेड या तरुण नायकाने अहंकारापोटी, एका सहाध्यायाला हिणवण्यासाठी, मृताचा आत्मा बोलावला आणि त्यातून एक भीषण छाया मोकळी सुटली, तो प्रसंग मनावर खोल ठसतो. येथे मारायला कोणी बाहेरचा खलनायक नाही, स्वतःच्याच कृत्याला सामोरे जायचे आहे, आणि बालवाचकाला इतक्या गंभीरपणे घेणारी पुस्तके विरळाच. नायक तांबूस-तपकिरी वर्णाचा आहे, हेही 1968 सालच्या इंग्रजी बालसाहित्यात वेगळे होते.

आपल्या मुलीचा आक्षेप मात्र पूर्णपणे रास्त आहे. स्त्रियांच्या जादूला दुबळी आणि दुष्ट ठरवणाऱ्या म्हणीही या पुस्तकात येतात. मालिकेच्या दुसऱ्या भागाची नायिका तेनार ही मुलगी आहे, आणि 1990 च्या ‘तेहानू’ या पुढच्या भागात लेखिकेने याच जगाकडे स्त्रीच्या नजरेने पुन्हा पाहिले. ‘तेहानू’ थोड्या मोठ्या वयात वाचावी; तेनारची कथा तिला आताच द्या.